चोरओटी

"दार लाव आधी," इंदूकाकू म्हणाल्या, "आणि ह्या पाटावर बस. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई."

इंदूकाकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. कराडला आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत होती आणि त्या भिंतीला त्यांनी कधी जुमानलं नाही. संध्याकाळची वेळ होती. मी शिलाई मशीनवरून नुकतीच उठले होते, गळ्यात टेप तशीच लोंबत होती. मला वाटलं, देवाधर्माचं काहीतरी असेल. बसले पाटावर. काकूंनी पदराखालून ताट काढलं, मला हळदकुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला आणि त्यात गहू, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण आणि वर दोन डाळिंबं घातली. मग माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही चोरओटी होती. आमच्याकडे बाईला तिसरा महिना लागला की घरातली वडीलधारी बाई गुपचूप तिची ओटी भरते. गाजावाजा नाही, पेढे नाहीत. कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, कारण इतक्या लवकर बोललं तर दृष्ट लागते.

मला दिवस गेलेले नव्हते. मी जाड झाले होते.

"काकू, अहो, तसं नाही..."

"गप." त्यांनी माझ्या ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "मला काय दिसत न्हाई व्हय? दर महिन्याला वाडीच्या वाऱ्या चालल्यात सासूसुनांच्या. दुपारची झोपतीस. अंग भरलंय. पावला बाई दत्त, पाच वर्षांनी का हुईना पावला."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात आमटीची पळी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता, बस. त्यांनी माझ्याकडे बघून मान अगदी किंचित हलवली, 'नको' अशी, आणि आत निघून गेल्या. मी नारळ सांभाळत पाटावरून उठले.

आधीच्या हिवाळ्यात मी आजारी होते. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठायचं कशाला, हेच कळेनासं झालं होतं. गिऱ्हाइकांची कापडं कोपऱ्यात साठत गेली. मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. अंघोळ म्हटलं की डोंगर वाटायचा. नदीवर जाऊन बसते म्हणून निघाले की आई, म्हणजे सासूबाई, चपला न घालता माझ्या मागे मागे यायच्या आणि घाटावर माझा पदर मुठीत धरून बसायच्या. खरं तेच सांगायचं तर मला सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं ते आईंनीच. माझे यजमान सुहास नुसते हवालदिल होऊन फिरत होते. गल्लीला सांगितलं, नरसोबाच्या वाडीला जातोय, नवस आहे.

डॉक्टर म्हणाले होते, "बरं वाटायला लागेल हळूहळू. भूक वाढेल, वजन वाढेल थोडं."

"थोडं म्हणजे?"

"ते माणसामाणसावर असतं."

माझ्या बाबतीत त्या गोळीने हात फारच सढळ सोडला. मी बरी झाले, हे खरं. मशीन पुन्हा चालू झालं, हसू यायला लागलं, आणि भूक तर अशी की रात्रीची उरलेली भाकरी मी उभ्या उभ्या लसणाच्या चटणीबरोबर संपवायची आणि मग डब्यातले शेंगदाणे. शिवताना आतल्या बाजूला जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माझ्या सगळ्या ब्लाउजांची माया मी उसवून सोडली, तीही पुरेना. पाटल्या मनगटात रुतल्या. जिना चढताना मांड्या एकमेकींना घासायच्या. आरशातली बाई माझ्या ओळखीची नव्हती. गोळीने मला परत आणलं, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात आणून सोडलं. डॉक्टरांपाशी रडले तर म्हणाले, "पुढच्या वेळी दुसरी गोळी लावून बघू. पण मनानं एकदम बंद करू नका, फार त्रास होतो."

पुढची वेळ नणंदेच्या, वैजूच्या लग्नानंतरची ठरली होती.

काकू गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. "आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्या टॉवेलची घडी घालत होत्या. "जाड झालीय म्हणू? मग विचारतील कशानं झाली. इंदूच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज तिला सांगितलं तर उद्या कोरेगावला, वैजूच्या होणाऱ्या सासरी पोचेल. वेड्याचं घर म्हणून सोयरीक मोडतील. आधीची दोन स्थळं कशी गेली, बघितलंस ना तू? वैजूचं वय काय कमी होतंय?"

"आणि लग्न झाल्यावर? तेव्हा काय सांगायचं?"

"तेव्हा म्हणू, राहिलं नाही. होतं बायकांचं असं."

मी तिथेच ओट्याला टेकले. लग्नाला पाच वर्षं झाली होती आमच्या. एका संध्याकाळी नसलेलं मूल आईंनी माझ्या पोटात आणलंही आणि मारलंही, आणि टॉवेलची घडी जराही वाकडी झाली नाही. सुहासना सांगितलं तर ते बराच वेळ पायाचा अंगठा बघत बसले आणि म्हणाले, "लग्नापुरतं काढ गं. नंतरचं मी निस्तरतो." काय निस्तरणार होते कोण जाणे.

मग सुरू झालं ते खाणं. एकीने कैरीचं लोणचं पाठवलं, दुसरीने शिंगाड्याची खीर, तिसरीने डिंकाचे लाडू, त्यात तूप असं की बोटं चिकटावीत. कारण कुणीच सांगायचं नाही. "असंच केलं होतं, म्हटलं शुभाला द्यावं," एवढंच. ब्लाउज शिवायला आलेल्या बायका म्हणायच्या, "सावकाश दे गं, घाई न्हाई." ज्या बायका एका दिवसाच्या उशिराला माझा जीव खायच्या, त्या! न बोललेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं? एकदा धीर करून एकीला म्हटलं, "मी जराशी जाड झालेय हो, बाकी काही नाही." तिने मला डोळा मारला. "व्हय की. जाडच झालीयस." आणि माझ्या पोटाकडे बघून तोंडाला पदर लावून हसत गेली.

जितकं खावं तितकी मी फुगत होते आणि जितकी फुगत होते तितकं ते खोटं पक्कं होत होतं. आणि दुसरी गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही: मला ते आवडायला लागलं होतं. कुणी माझी बादली उचलायचं, कुणी बसायला खुर्ची पुढे करायचं. दुपारी पडले तर काकू पायाशी बसून तळपाय चोळायच्या. भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा या गल्लीतलं कुणी आत आलं नव्हतं. आम्हीच कुणाला कळू दिलं नव्हतं, हे कबूल. पण पोटातल्या बाळासाठी न सांगता सगळ्यांना कळलं होतं आणि माझ्यासाठी कळलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मला राग यायचा आणि मी लाडू खायची.

लग्न जवळ आलं, पाहुणे उतरले. काकूंनी आपलं अंथरूण माझ्या खोलीत आणलं. "ह्या दिवसांत बाईनं एकटं निजू नये, आणि दादल्याजवळ तर न्हाईच न्हाई." सुहास बाहेर पाहुण्यांत झोपायला गेले. मी गोळ्या रिळांच्या डब्यात ठेवायची. एका सकाळी काकू सुईदोरा शोधत होत्या आणि त्यांच्या हाती ते पाकीट लागलं.

"ह्या कसल्या गं?"

"शक्तीच्या आहेत."

"कुणी दिल्या? ह्या दिवसांत असलं काय पोटात घालू न्हाई. माझ्या मावसबहिणीनं डोकं दुखतंय म्हणून गोळ्या खाल्ल्या आणि काय झालं ठाऊक हाय का?" आणि मी उठून त्यांच्यापाशी पोचेपर्यंत त्यांनी एकेक गोळी फोडून मोरीत टाकली, वर तांब्याभर पाणी ओतलं. मग बाहेर जाऊन पाहुण्यांसमोर आईंना झापलं, "तुझं तरी लक्ष नको का?"

आई म्हणाल्या, "चुकलंच बाई."

मी आईंना चुलीमागे गाठलं. "आई, डॉक्टर काय म्हणाले होते? एकदम बंद करायच्या नाहीत."

"आता चिठ्ठी घेऊन कुणाला पाठवू? इथल्या दुकानात आणल्या तर दुकानदार आपला गाववालाच. सांगलीला जायला माणूस कुठाय? थोडे दिवस काढ. लग्न होऊन जाऊ दे."

मीही फार हटून बसले नाही. आत कुठेतरी वाटलं, बंद झाल्या तर झाल्या. अंग तरी उतरेल. लग्नात जुनी पैठणी नेसता येईल.

अंग उतरलं नाही. आधी चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात काहीतरी चरकन चमकून जायचं, विजेच्या बटणाला ओला हात लागावा तसं. घाम फुटायचा, कारण नसताना रडू यायचं. आणि मग एका पहाटे जाग आली, काकू शेजारी घोरत होत्या, बाहेर आचारी भांडी वाजवत होते, आणि मला कळलं की ते परत आलंय. उठायचं कशाला? तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी भिंतीकडे कूस बदलली.

वैजूचं लग्नातलं ब्लाउज मीच शिवणार होते, तो माझा हट्ट होता. तिने येऊन बघितलं तर मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या होत्या. इतक्या वर्षांत ही चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. कापडही आता उरलं नव्हतं. मी नुसती बघत बसले.

वैजू माझ्याजवळ खाली बसली. घरातलीच ती, तिला सगळं माहीत होतं. "वहिनी, तुला परत तसं व्हायला लागलंय का?"

मी मान हलवली.

ती रडायला लागली. मला वाटलं, आता म्हणेल, चल, आईला सांगू. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चारच दिवस, वहिनी. माझ्यासाठी."

मी बरं म्हटलं. पोर चांगली होती. माझ्या आजारपणात माझे केस तीच विंचरायची. तिचंही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या 'चारच दिवस'ने शेवटचं दार लागलं. घर माणसांनी भरलेलं आणि खरं बोलता येईल असं त्यात एकही माणूस नाही.

हळदीच्या दिवशी मांडवात जातं मांडलं होतं, मुसळाला आंब्याची पानं बांधली होती. सवाष्णी गाणी म्हणत हळद कांडत होत्या. मला काकूंनी खांबाजवळ खुर्चीत बसवलं होतं. "हात लावू नको कशाला. नुसती बघ." मी काकूंची सैल चोळी घातली होती, माझी एकही होत नव्हती. घाम पाठीवरून वाहत होता. कोरेगावहून नवऱ्यामुलाची थोरली बहीण उज्ज्वलाताई उष्टी हळद घेऊन आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आई त्यांना टरकून होत्या. उज्ज्वलाताई सगळ्यांना नमस्कार करत माझ्यापाशी आल्या, माझ्या पोटाकडे बघून हसल्या.

आई म्हणाल्या, "शुभा, ताईंना हळदकुंकू लाव."

मी उठले. करंड्याकडे मान वळवली आणि डोक्यात चरकन चमकलं. पुढचं आठवतं ते तोंडाजवळचं शेणाने सारवलेलं अंगण आणि वर बायकांचा कालवा.

"पोटावर पडली गं बाई!"

"पाणी आणा! तिला हलवू नका!"

"रिक्षा बोलवा. बाळंतिणीच्या दवाखान्यात न्या!"

काकूंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्या मोठमोठ्याने दत्ताला हाका मारत होत्या. इतकं कुणी माझ्यासाठी रडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आई दुसऱ्या बाजूने वाकल्या. त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"डोळे मिटून पड," त्या पुटपुटल्या. "दवाखान्यात नेते. परत आल्यावर काय सांगायचं ते मी सांगते. सुटलो बघ आपण. सुटलीस तू."

खरंच सुटत होते मी. काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं पडून राहायचं. संध्याकाळी सगळ्या बायका येतील, माझ्या उशाशी बसून रडतील, मला मऊ भात भरवतील. वैजूचं लग्न होईल. आणि गोळ्या? मूल गेलेल्या बाईला कसल्या गोळ्या? तिने दुःख करायचं, एवढंच तिचं काम. मग पुढे केव्हातरी मी भिंतीकडे तोंड करून पडेन आणि गल्ली म्हणेल, साहजिक आहे. आई तेव्हाही माझ्या मागे घाटावर येतील, पण एखाद्या दिवशी त्यांना उशीर होईल.

ते मला इतकं स्वच्छ दिसलं की मी घाबरून डोळे उघडले.

"मला दिवस नाहीत," मी म्हणाले.

"बडबडतीय," आई म्हणाल्या. "शुद्धीत नाही."

मी काकूंच्या मांडीवरून उठून बसले. हाताला हळद लागली होती. मी मोठ्याने म्हणाले, मांडवाबाहेर चहा ओतणाऱ्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दिवस गेलेलेच नाहीत. माझं मन आजारी आहे. त्याच्या गोळ्या घेते मी सांगलीच्या डॉक्टरांच्या. त्यानं जाड झालेय. त्या गोळ्या बंद झाल्यात आणि मला मरावंसं वाटतंय. कुणीतरी माझ्या गोळ्या आणून द्या."

गाणी केव्हाच थांबली होती. वैजू पाटावर हळदीने माखलेली बसली होती, ती हुंदका देऊन दोन्ही हातांत तोंड लपवून वाकली. आई जमिनीवर बसून राहिल्या. काकूंनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला, उठल्या आणि कुणाकडे न बघता आपल्या घरी निघून गेल्या. त्यांचं दार आपटल्याचा आवाज आला.

उज्ज्वलाताईंनी चष्मा काढून पुसला. मग आईंना विचारलं, "वैजूच्या आजीला, आत्यांना, तुम्हाला, कुणाला होतं का असं काही?"

"नाही हो. देवाशपथ. आमच्या सात पिढ्यांत नाही."

"मग घाबरताय कशाला? ही तर सून तुमची. हिचं रक्त वेगळं. आमच्या घरात येणार वैजू. तिला नाही ना काही? मग आमचं काय जातंय?"

इतक्या महिन्यांत, वाडीच्या वाऱ्यांत आणि त्या सगळ्या लपवाछपवीत, ही साधी गोष्ट आईंच्या डोक्यात आली नव्हती. मग त्या हसायला लागल्या. रडत रडत हसत होत्या. "होय की हो! ही बाहेरची! हिचं आमच्यात कुठं आलंय? आमच्या रक्तात काही नाही!" बायकाही सैल झाल्या. कुणीतरी वैजूला पाणी दिलं, कुणीतरी मुसळ उचललं. थोड्या वेळाने गाणंही सुरू झालं, आधी दबकत, मग नेहमीसारखं.

लग्न वाचलं, कारण मी बाहेरची होते. घाटावर ज्यांनी माझा पदर मुठीत धरला होता त्याच आई हे हसत हसत सांगत होत्या. मला त्या मांडवात बसवेना. मी भिंतीला धरत खोलीत गेले. कुणी सोबत आलं नाही. आता कशाला येतील? बाळ नव्हतं ना.

सुहास मात्र कुणाची तरी जीप घेऊन सांगलीला गेले. वेळेवर जागे झाले, एवढं श्रेय त्यांना देते. ते दिवेलागणीला परतले तेव्हा मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागचं दार वाजलं. मला वाटलं, तेच असतील.

"आण ते पाकीट हिकडं. मी देते," काकूंचा आवाज आला.

त्या आत आल्या. डोळे सुजलेले होते. पाकीट त्यांनी माझ्या अंगावर जवळजवळ फेकलंच. "मला फसवलंस तू. समद्यांनी फसवलंत. मी देवाला काय काय बोलले होते. मी दुपट्याला जुनी लुगडी काढून ठिवली."

"हो काकू."

"तुझ्या गोळ्या म्या मोरीत टाकल्या आणि तू तोंडातनं ब्र काढला न्हाईस."

काकूंनी पदराने नाक पुसलं. मग तांब्यातून पाणी ओतून पेला माझ्यापुढे धरला आणि मी गोळी गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. पोटाकडे नाही, तोंडाकडे.

"ह्यानं अजून फुगशील?"

"फुगेन बहुतेक."

"बरं." मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "म्हंजे इतकं दिवस ह्या खोलीत तू एकलीच हुतीस की गं. मी पायाशी बसायची, मला वाटायचं दोघं हायती."

बाहेर वैजूला ओवाळायला आई काकूंना हाका मारत होत्या. काकूंनी ओ दिली नाही. त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

"सरक तिकडं," त्या म्हणाल्या. पलंग अरुंद, त्याही काही बारीक नव्हत्या, आणि मी तर मीच. त्या तशाच दाटीवाटीने माझ्याशेजारी आडव्या झाल्या.